बीव्हरमुळे पूर अडतो का, आणि पंचगंगेच्या ओढ्यांवर ते आणता येतील का?

प्रश्न कोल्हापूरहून आला आहे. विचारणारे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, मुलगी इंग्लंडमध्ये एक्सेटरला असते, जुलैत तिच्याकडे जाणार आहेत. शिकार होऊन होऊन ब्रिटनमधून काही शतकांपूर्वी नाहीसा झालेला बीव्हर आता तिथल्या नद्यांत पुन्हा सोडतायत आणि त्याच्या बांधांमुळे पुराचा जोर कमी होतो, असं त्यांच्या वाचनात आलं. त्यांना चार गोष्टी विचारायच्या आहेत: हे खरं आहे का, तिथल्या शेतकऱ्यांचं काय होतं, पंचगंगेच्या वरच्या ओढ्यांवर असं काही करता येईल का, आणि जुलैत तो प्राणी बघायला मिळेल का.

मी नैऋत्य इंग्लंडमध्ये नद्या-ओढे सुधारण्याचं काम करते. त्यातला बराच वेळ बीव्हरपेक्षा ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांशी बोलण्यातच जातो, तेव्हा उत्तर त्या बाजूला थोडं जास्त झुकलं तर समजून घ्या.

आधी थोडक्यात सांगते. लहान ओढ्यावर, लहान-मध्यम पुराला फरक पडतो आणि तो मोजलेला आहे. शेतकऱ्यांचं नुकसान होतं, काहींचं बरंच होतं. पंचगंगेवर बीव्हर आणायचे नाहीत. आणि संध्याकाळी दोन-तीन तास काठावर गप्प बसायची तयारी असेल तर दिसण्याची शक्यता चांगली आहे.

बीव्हर हा उंदीर-खारीच्या गटातला, कुरतडणारा प्राणी. पूर्ण वाढलेला २०-२५ किलोचा, कधी त्याहून मोठाही. शेपूट रुंद, चपटं, खवल्यांचं. पुढचे दात नारिंगी, कारण त्यांच्या वरच्या थरात लोह असतं. त्याच दातांनी तो झाडं पाडतो. तो मासे खात नाही. हे मुद्दाम सांगते, कारण इथल्या गळ टाकणाऱ्यांपैकीही कित्येकांना तसं वाटतं. त्याचा आहार म्हणजे साली, कोवळ्या फांद्या, पाणवनस्पती, गवत. विलो आणि ॲस्पेन ही झाडं विशेष आवडीची. नर-मादी जोडीने राहतात, वर्षातून एकदाच पिल्लं होतात, ती साधारण दोन वर्षांची झाली की घर सोडून नवा ओढा शोधायला निघतात.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की बीव्हर प्रत्येक ठिकाणी बांध घालत नाही. त्याच्या घराचं दार पाण्याखाली असावं लागतं, म्हणजे शिकारी प्राणी आत शिरत नाही. नदी मुळातच खोल असेल तर तो काठात बीळ करतो आणि स्वस्थ राहतो. पाणी उथळ असेल तिथेच फांद्या, चिखल, दगड रचून पातळी वाढवतो. म्हणून मोठ्या नदीच्या मुख्य पात्रात बांध फारसे दिसत नाहीत, ते दिसतात तिला मिळणाऱ्या ओढ्यांवर. वर्तमानपत्रातल्या फोटोंवरून हे लक्षात येत नाही.

हा प्राणी गेला कसा, ते सरळ आहे. त्याच्या दाट लोकरीपासून टोप्या होत. मांस खात, चपट्या शेपटीमुळे आणि पाण्यातल्या राहणीमुळे त्याला माशांत धरून ख्रिस्ती उपवासाच्या दिवशीही ते चालवून घेत. (उपवासाच्या पळवाटा काढण्यात आपण एकटे नाही.) शिवाय शेपटीजवळच्या पिशव्यांतून येणारा कॅस्टोरियम नावाचा स्राव औषधात आणि अत्तरात जायचा. विलोच्या सालीतली सॅलिसिलिक द्रव्यं त्यात उतरतात, त्यामुळे डोकेदुखीवर तो देत असत यात काही तथ्य असावं. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकापर्यंत बीव्हर संपत आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या युरोप-आशियात मिळून सुमारे १,२०० उरले होते, तेही तुटक तुटक ठिकाणी: फ्रान्समध्ये ऱ्होन नदीवर, जर्मनीत एल्बवर, नॉर्वेच्या टेलेमार्कमध्ये, बेलारूस-रशियाच्या काही खोऱ्यांत. नॉर्वेने १८४५ मध्येच शिकारबंदी केली होती, म्हणून तिथे काही टिकले. स्वीडनने १९२२ मध्ये त्यांतलेच आणून सोडले आणि परतीची गोष्ट तिथून सुरू झाली. आज युरोपात १५ लाखांच्या आसपास बीव्हर आहेत. ब्रिटन या रांगेत फार उशिरा आला.

आता पाण्याकडे येऊ. बीव्हरचा बांध गळका असतो, आणि त्याचं काम त्या गळण्यामुळेच होतं. तुमच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळ्याआधी बर्गे (पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या) काढावे लागतात, नाहीतर तो पुराला आडवा येतो. बीव्हरच्या बांधाला काढण्याजोगं काही नसतं. पाणी त्याच्यातून झिरपतं, वरून वाहतं, बाजूने नवी वाट काढून गवतात पसरतं. असे दहा-बारा बांध एकामागोमाग असले की पावसाचं पाणी प्रत्येक पायरीवर थोडं थांबतं, बाजूच्या पाणथळीत पसरतं आणि खाली एकदम न पोहोचता हळूहळू पोहोचतं. पुराचा आलेख बुटका आणि पसरट होतो. पाणी नाहीसं होत नाही, उशिरा येतं.

याचं सगळ्यात बारकाईने केलेलं मोजमाप, एक्सेटर ज्यात येतं त्या डेव्हन परगण्यातलंच आहे. पश्चिम डेव्हनमध्ये २०११ साली तीनेक हेक्टरच्या कुंपणात, एका छोट्या ओढ्यावर, बीव्हरची एक जोडी सोडली. त्यांनी तिथे १३ बांध घातले. एक्सेटर विद्यापीठाच्या प्राध्यापक रिचर्ड ब्रेझियर यांच्या गटाने ओढा आत येतो तिथे आणि बाहेर पडतो तिथे यंत्रं बसवून वर्षानुवर्षं मोजणी केली. तळ्यांत १० लाख लिटरच्या वर पाणी साठलं. १०० टनांहून अधिक गाळ अडला आणि त्यातला सुमारे ७० टक्के वरच्या बाजूच्या शेतजमिनीतून, म्हणजे दाट चराईच्या कुरणांतून, वाहून आलेला होता. या ओढ्यासह चार ठिकाणांची आकडेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पावसानंतरचे सरासरी पूरप्रवाह ६० टक्क्यांपर्यंत घटलेले दिसले. त्या चारांपैकी एक ओढा ईस्ट बडली गावाच्या वरच्या अंगाला आहे. या गावात पूर्वीपासून पाणी शिरतं.

तुम्ही अभियंते आहात, म्हणून हेच आकडे उलट बाजूनेही मांडते. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. डेव्हनच्या त्या ओढ्यासारखे २८ हजार ओढे काठोकाठ भरले तर एक टीएमसी होतो, आणि तुमचं एकटं राधानगरी धरण आठ टीएमसीच्या वर आहे. बीव्हरच्या बांधांचा परिणाम नुसत्या साठ्याने होत नाही, वेग मोडल्यानेही होतो, हे खरं. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आलं तसं दिवसेंदिवस पडणारं पाणी या उपायाच्या कक्षेत येतच नाही. पहिल्या दिवशीच तळी भरून जातात आणि पुढचं पाणी जसंच्या तसं पुढे जातं. इंग्लंडमध्येही कुणी बीव्हर हा पुरावरचा तोडगा म्हणून विकायला लागलं की मी आधी पाणलोट किती चौरस किलोमीटरचा आहे ते विचारते.

पुरापेक्षा मला उन्हाळ्यातला परिणाम अधिक मोलाचा वाटतो, पण त्यावर कुणी मथळे छापत नाही. ओढा आटायला आला की बांधांमागचं पाणी काठच्या मातीतून झिरपत राहतं आणि खालचा प्रवाह टिकतो. बेडूक, चतुर, वटवाघळं, पाणपक्षी वाढतात. विलो तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो, त्यामुळे काठ उघडा पडत नाही. उलट झुडपांची दाटी होते आणि ऊन खाली पोहोचतं. माशांबद्दल वाद आहे. ट्राउट मासे पाणी चढलं की बांध ओलांडतात आणि तळ्यांत चांगले पोसतात, पण अरुंद ओढ्यांत अंडी घालायला वर जाणाऱ्या सामन माशांना कोरड्या शरद ऋतूत बांध अडवू शकतो. सामन आधीच घटलेत, त्यामुळे गळवाल्यांची काळजी मी उडवून लावत नाही.

डेव्हनच्या ओटर नदीवर बीव्हर आले कसे, तेही सांगायला हवं, कारण बातम्यांत ‘सरकारने सोडले’ असं येतं. ते कुणी आणले हे आजवर उघड झालेलं नाही. नदीवर मोकळे बीव्हर आहेत अशी कुजबुज होती, २०१४ मध्ये पिल्लं कॅमेऱ्यात सापडली आणि सरकारने सगळे पकडून न्यायचं ठरवलं. कारण अगदीच फालतू नव्हतं: युरोपात कोल्ह्यांमध्ये आढळणारा, माणसाला घातक असा एक पट्टकृमी बीव्हरमधूनही येऊ शकतो, आणि ब्रिटन त्यापासून मुक्त आहे. गावकऱ्यांनी विरोध केला. मग २०१५ च्या जानेवारीत नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने डेव्हन वाइल्डलाइफ ट्रस्ट या वन्यजीव संस्थेला पाच वर्षांच्या चाचणीचा परवाना दिला, बीव्हर पकडून तपासले, कृमी नाही असं पाहून परत सोडले. चाचणी संपल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना कायमचं राहू द्यायचा निर्णय झाला. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. रानात सोडण्याची रीतसर परवानगी मात्र २०२५ मध्येच सुरू झाली, आणि तिच्याखाली पहिले चार बीव्हर मार्चमध्ये डॉर्सेटच्या पर्बेक भागात सुटले.

ज्यांनी रात्रीच्या अंधारात परस्पर बीव्हर सोडले त्यांचं कौतुक करणारे माझ्या वर्तुळात भरपूर आहेत. मी त्यांच्यातली नाही. का, ते स्कॉटलंडमधल्या टे नदीकडे बघितलं की समजतं.

स्कॉटलंडमध्ये एक सरळ मार्गाची गोष्ट आहे आणि एक आडमार्गाची. सरळ मार्गाची म्हणजे नॅपडेल. २००९ मध्ये नॉर्वेहून बीव्हर आणून आर्गाइलच्या या जंगली, तळ्यांच्या भागात रीतसर सोडले, पाच वर्षं अभ्यास केला. शेती जवळजवळ नाही, त्यामुळे भांडणंही नाहीत. त्याच सुमारास पूर्वेला टे नदीच्या खोऱ्यात पळालेले किंवा चोरून सोडलेले बीव्हर आपले आपण वाढत होते. तिथली जमीन सपाट, सुपीक, बटाट्याची आणि फळांची, जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या घातलेली. एका चरात फूटभर बांध पडला की एकराच्या एकरात पाणी मुरतं. पूर अडवायला घातलेल्या मातीच्या बांधांत बिळं होतात आणि तो बांध नेमका पुराच्या दिवशी खचतो. या शेतकऱ्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. २०१९ च्या मेपासून स्कॉटलंडमध्ये बीव्हर संरक्षित झाले, आणि त्याच वर्षी सरकारी परवान्याखाली ८७ मारले गेले. पुढच्या वर्षी ११५. संरक्षणाच्या पहिल्याच वर्षातला हा आकडा वाचून लोक हादरले. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. जिथे पहिली दहा वर्षं शेतकऱ्याला फोन करायला जागा नव्हती तिथे बंदूक हाच उपाय उरतो. त्यानंतर पकडून दुसऱ्या खोऱ्यात न्यायचं धोरण आलं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केर्नगॉर्म्सच्या राष्ट्रीय उद्यानात सोडले ते असेच.

याच्या उलट जर्मनीतलं बव्हेरिया राज्य. तिथे १९६६ पासून बीव्हर सोडले, आज वीस हजारांच्या वर आहेत, आणि जमीन काही ब्रिटनपेक्षा मोकळी नाही. तिथे राज्याच्या उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक असे दोन पूर्णवेळ बीव्हर-व्यवस्थापक आहेत, आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत प्रशिक्षण घेतलेले शेकडो स्वयंसेवक सल्लागार. शेतकऱ्याने फोन केला की माणूस येतो, बघतो, जाळी-पाइप देतो, नुकसानीचा अर्ज भरून घेतो. भरपाईसाठी राज्याचा निधी आहे. सांडपाण्याचे प्रकल्प, पूरबांध, मत्स्यतळी अशा ठिकाणी हटवायलाच लागले तर हटवतात, वर्षाला हजारांवर, आणि ते लपवत नाहीत. ही व्यवस्था मी आदर्श म्हणून सांगत नाही. भांडणं तिथेही चालूच असतात. पण बीव्हर सोडण्याच्या प्रत्येक प्रस्तावात मी पहिली हीच दोन पानं शोधते: फोन कोण उचलणार आणि पंधराव्या वर्षी त्याचा पगार कोण देणार. इंग्लंडमध्ये आता अर्जासोबत दहा वर्षांचा आराखडा मागतात. सुरुवात म्हणून ठीक आहे.

प्रत्यक्ष उपायांबद्दल थोडं, कारण ते तुम्हाला आवडतील. झाड वाचवायचं तर बुंध्याला कमरेएवढी लोखंडी जाळी गुंडाळायची, किंवा वाळू मिसळलेला रंग लावायचा. दाताखाली कचकच आली की बीव्हर सोडून देतो. तळं फार वाढलं तर बांध फोडून उपयोग नाही, रात्रीत पुन्हा उभा राहतो. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकला की बीव्हर तिकडे फांद्या टाकायला धावतो. लार्स विल्सन या स्वीडिश संशोधकाने नुसत्या ध्वनिवर्धकावर पाण्याचा आवाज लावला तरी त्यांनी त्यावर काटक्या रचल्या. म्हणून आम्ही बांधातून एक जाड पाइप घालतो आणि त्याचं वरचं तोंड बांधापासून लांब, खोल पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतो. पाणी आवाज न करता निघून जातं, पातळी आपल्याला हवी तिथे थांबते, आणि बीव्हरला गळती कुठे आहे ते सापडत नाही. पाइपची उंची ठरवणं हाच सगळा वाद असतो. शेतकऱ्याला दीड वीत खाली हवी असते, ट्रस्टला वर.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काठाचा पट्टा सोडणं. बीव्हरचं बहुतेक काम पाण्यापासून १०-२० मीटरच्या आत चालतं. तेवढी पट्टी नांगराबाहेर ठेवली आणि तिचे पैसे शेतकऱ्याला मिळाले, तर तक्रारी बऱ्याच कमी होतात. नदीला चिकटून पीक घ्यायला लावणारी अनुदानं दिली आणि वरून बीव्हर सोडले, तर भांडण आपणच विकत घेतलं.

आता पंचगंगा. बीव्हर हा भारतातला प्राणी नाही, त्यामुळे त्याचं ‘परत येणं’ इथे संभवतच नाही. ते परकी प्राणी आणणं होईल. त्याचे दोन धडे जगाला मिळालेत. फिनलंडने १९३७ मध्ये आपले संपलेले बीव्हर परत आणताना काही अमेरिकेहून आणले. ती वेगळी जात आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आज तिथे अमेरिकी बीव्हर युरोपीय बीव्हरांपेक्षा जास्त आहेत. अर्जेंटिनाने १९४६ मध्ये लोकरीचा धंदा उभारायला दक्षिण टोकाच्या टिएरा डेल फ्युएगो बेटावर कॅनडाचे थोडे बीव्हर सोडले. त्यांना खाणारा तिथे कुणी नव्हता. तिथले बीच वृक्ष विलोसारखे बुंध्यातून फुटत नाहीत, तोडले की मेले, वरून पाण्यात कुजले. आता लाखाच्या घरात बीव्हर आहेत, चिलीच्या मुख्य भूमीवरही पोहोचलेत, आणि त्यांना संपवायचा खर्च दोन्ही देश मोजतायत. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात आक्रमक परकी प्रजातींवर निर्बंध घालायची तरतूद आहे, ते बरंच आहे.

शिवाय आपल्या ओढ्यांची रीतच निराळी. जुलैत सह्याद्रीच्या ओढ्याला जो लोंढा येतो त्यात काटक्यांचा बांध टिकणार नाही, आणि फेब्रुवारी-मार्चनंतर बऱ्याच ओढ्यांत दारापुरतंही पाणी उरत नाही.

घ्यायची असेल तर त्यातली पद्धत घ्या. वरच्या, अगदी लहान ओघळींवर गळक्या दगडी आडव्या ओळी, एक मोठा बंधारा न घालता एकमेकांजवळ अनेक लहान. ऑक्टोबरात गावं पोती भरून वनराई बंधारे घालतात तेही याच जातीचं काम आहे. फरक असा की बीव्हर रोज रात्री डागडुजी करतो आणि आपला बंधारा उद्घाटनाच्या फोटोनंतर कुणी बघत नाही. पोती प्लॅस्टिकची असतील तर पावसाआधी काढून घ्या, नाहीतर ती फाटून खाली शेतात येतात. काठाला वाळुंज, शेरणी, करंज, उंबर, जांभूळ राहू द्या. वाळुंज हा आपला विलोच आहे. फांदी ओल्या काठात रोवली तरी लागते. ओढा ‘सरळ आणि खोल’ करायला जेसीबी येईल तेव्हा ओढ्याचं एक तरी वळण, एक तरी डोह वाचवा. तुमच्या जुन्या खात्याला हे तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील, माझ्यासारखीचं ऐकणार नाहीत. आणि हरवत चाललेला पाण्यातला प्राणीच जपायचा असेल तर पाणमांजर आहे. सिंधुदुर्गाच्या खाड्यांत आणि गोव्यात चोडणच्या बाजूला ती अजून दिसतात, त्यांना आणायला कुठे जायला नको.

जुलैच्या भेटीबद्दल: एक्सेटरहून ओटर नदी गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. ओटर्टन गावात पुलाजवळ गाडी लावून काठाच्या पायवाटेने चाला. जुलैत अंधार साडेनवानंतर पडतो, त्यामुळे सातला जाऊन बसलात तर दोन-अडीच तास उजेडात मिळतात. पिल्लंही त्या दिवसांत बाहेर येऊ लागलेली असतात. ताज्या कुरतडलेल्या फांद्या, साल सोललेले पांढरे दांडे दिसले की तिथेच थांबा. पाण्यावर काही फटकन आपटल्याचा आवाज आला तर समजा की त्यांनी तुम्हाला आधी पाहिलं. मग अर्धा तास जागा बदलून बसा. कुत्रा बरोबर नको, विजेरी नको, आणि पाणी उतरलेलं असलं तरी बांधावर चढू नका. दुर्बीण असेल तर न्या. जॅकेट नक्की न्या काका, तिथला जुलै म्हणजे आपला महाबळेश्वरचा नोव्हेंबर.